बार्टर आणि गिटेलमनमध्ये इंडोमेथासिन: रेनिन-अल्डोस्टेरॉनचं नेमकं काय होतं, डोस, तपासण्या आणि कधी थांबवायचं

वृक्कमित्र_परळ (धागाकर्ता)

मुंबईतल्या कुठल्याही केमिस्टकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पेनकिलर सारखी घेऊ नका, किडनीवर येईल." सल्ला योग्यच आहे. आणि म्हणूनच बार्टर सिंड्रोम (मूत्रपिंडातून मीठ गळण्याचा जन्मजात आजार; गिटेलमन हा त्याचाच भाऊबंद) असलेल्या मुलाच्या कागदावर खुद्द किडनीच्या डॉक्टरांनी रोज तीन वेळा इंडोमेथासिन हे पेनकिलर गटातलं औषध लिहिलेलं दिसलं की घरचे बिचकतात, फॅमिली डॉक्टर ते परस्पर बंद करतात, केमिस्ट म्हणतो हे तर संधिवाताचं. हे औषध रक्तदाबाच्या हॉर्मोन्सवर कसं काम करतं ते इथे एका जागी मांडूया. जाणकारांनी भर घालावी. आकडे समजण्यासाठी आहेत. डोस बदलायचा तो आपल्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोलूनच.

आधी यंत्रणा. मूत्रपिंडात गाळल्या गेलेल्या मिठापैकी साधारण २५ टक्के मीठ हेन्लेच्या वळशाच्या जाड, चढत्या भागात परत शोषलं जातं. ते काम एनकेसीसी२ हा वाहक करतो: एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड. या भागाच्या शेवटी मॅक्युला डेन्सा नावाच्या मोजक्या पेशी असतात. त्याही एनकेसीसी२मधूनच क्लोराइड आत घेतात आणि त्यावरून शरीरात मीठ-पाणी पुरेसं आहे का, याचा अंदाज घेतात. क्लोराइड कमी आलं की त्या पेशींत कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं, ते शेजारच्या पेशींना रेनिन सोडायला लावतं. रेनिनपासून अँजिओटेन्सिन २, त्यातून अल्डोस्टेरॉन. अल्डोस्टेरॉन सोडियम वाचवतं, पण त्याची किंमत म्हणून पोटॅशियम आणि आम्ल लघवीवाटे बाहेर जातं.

बार्टरमध्ये ही मोजणीच बिघडलेली असते. वाहक किंवा त्याला साथ देणारी वाहिनी जन्मतः सदोष, त्यामुळे पुढे कितीही मीठ वाहून जात असलं तरी मॅक्युला डेन्साला ते कळत नाही. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट अडकला की टाकी भरली तरी पंप चालूच राहतो, तसंच हे. कॉक्स-२ सतत चालू, प्रोस्टाग्लँडिन भरमसाट, रेनिन वर, अल्डोस्टेरॉन वर, पोटॅशियम खाली.

एवढं अँजिओटेन्सिन असूनही रक्तदाब वाढत नाही, उलट कमीच राहतो. एक तर मीठ सतत गळतं. दुसरं, प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या अँजिओटेन्सिनला दाद देत नाहीत. फ्रेडरिक बार्टर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली हा आजार पहिल्यांदा मांडला, तेव्हा अँजिओटेन्सिनला मिळणारा हा मंद प्रतिसाद त्यांच्या नजरेत आला होता. प्रोस्टाग्लँडिनचा धागा मात्र १९७६च्या सुमारास जुळला आणि तेव्हापासून इंडोमेथासिन वापरात आलं.

आता मुख्य मुद्दा. इंडोमेथासिन कॉक्स अडवतं, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन उतरतं, मागोमाग रेनिन आणि अल्डोस्टेरॉन उतरतं, पोटॅशियम थोडं वर येतं, लघवीचं प्रमाण कमी होतं, बाळाच्या उलट्या आणि विनाकारण येणारा ताप कमी होतो, वजन वाढायला लागतं. पण सदोष वाहक दुरुस्त होत नाही. मीठ गळत राहतंच. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा याच प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर टिकतो. तो आधार औषधाने काढला आणि वरून मीठ-पाणी दिलं नाही, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमी गाळू लागल्याची रक्तातली खूण) चढणारच. म्हणून क्रम कायम हाच: आधी मीठ-पाणी, मग पोटॅशियम, मग इंडोमेथासिन.

---

बालरोग_मुलुंड

उत्तम मांडणी. डोसबद्दल विस्ताराने लिहाल का? आमच्यासारख्यांकडे ही मुलं जुलाब-तापासाठी येतात आणि मूळ कागद घरी राहिलेला असतो. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात कधी सुरू करतात?

---

वृक्कमित्र_परळ

१२ किलोचं मूल धरू.

मीठ: किलोमागे रोज किमान ५ ते १० मिलिमोल सोडियम क्लोराइड. ५ने हिशेब केला तर ६० मिलिमोल. १ ग्रॅम मिठात १७ मिलिमोल, म्हणजे जेवणातल्या मिठाव्यतिरिक्त रोज साधारण साडेतीन ग्रॅम. चमच्याने मोजू नका. सपाट छोटा चमचा ६ ग्रॅमच्या आसपास भरतो, शीग लावली की तो ८-९ वर जातो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि दिवसभरात विभागून द्या. एक मोठा अपवाद: बार्टरच्या टाइप १ आणि २ (जनुकानुसार पडलेले प्रकार, पुढे आले आहेत) मधल्या काही मुलांना लघवी दाट करताच येत नाही आणि रक्तातलं सोडियम वाढलेलं असतं. त्यांना जास्त मीठ दिलं तर लघवी आणखी वाढते, सोडियम आणखी चढतं. तिथे वरून मीठ देत नाहीत.

पोटॅशियम: क्लोराइडच हवं. आपल्याकडच्या सिरपमध्ये १५ मिलीत १.५ ग्रॅम, म्हणजे २० मिलिमोल. किलोमागे २ धरले तर २४ मिलिमोल, म्हणजे १८ मिली, दिवसातून तीन-चार वेळा विभागून, पाण्यात पातळ करून, खाल्ल्यावर. लक्ष्य ३.० च्या आसपास पुरे. ४ गाठायचा अट्टहास केला तर पोट बिघडतं आणि आतापर्यंत मिळवलेलं सगळं जुलाबात जातं.

इंडोमेथासिन: किलोमागे रोज १ ते ४ मि.ग्रॅ., तीन-चार भागांत. सुरुवात १ ने, म्हणजे १२ मि.ग्रॅ., ४-४-४. आयबुप्रोफेन वापरलं तर किलोमागे १५ ते ३०, तीन भागांत. सेलेकॉक्सिब (निवडकपणे कॉक्स-२ अडवणारं) किलोमागे २ ते १०, दोन भागांत.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात पहिले ४ ते ६ आठवडे टाळणंच शहाणपणाचं, आतड्याला इजा होण्याचा धोका खरा आहे. तोवर मीठ, पाणी आणि पोटॅशियमवर निभावायचं.

---

औषधशाळा_गिरगाव

फार्मसीच्या बाजूने लिहितो. इथे चूक कागदावर फारशी होत नाही, बहुतेक वेळा पुडीत होते.

भारतात इंडोमेथासिन प्रामुख्याने २५ मि.ग्रॅ.च्या साध्या आणि ७५ मि.ग्रॅ.च्या सावकाश सुटणाऱ्या कॅप्सूलमध्ये मिळतं. ७५ची कॅप्सूल लहान मुलासाठी उघडायचीच नाही. २५ची उघडून २५ मिली पाण्यात टाकायची आणि ४ मिली द्यायचं, हा घरगुती उपाय फसतो, कारण इंडोमेथासिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पावडर तळाशी बसते. पहिला डोस अर्धवट, शेवटचा डोस दुप्पट-तिप्पट. क्रिएटिनिन वर-खाली का होतंय, हे कोणालाच कळत नाही.

नीट पद्धत अशी. ४ मि.ग्रॅ.च्या २५ पुड्या हव्या असतील तर २५च्या ४ कॅप्सूल, म्हणजे १०० मि.ग्रॅ. औषध. आतली पावडर खलात घ्या. त्यात आधीच फिलर असतो, म्हणून पावडरचं वजन करा. लॅक्टोज टप्प्याटप्प्याने मिसळा: जेवढी पावडर तेवढंच लॅक्टोज, घोटा, पुन्हा तेवढंच. एकूण वजन ५ ग्रॅमवर आणा. आता २०० मि.ग्रॅ.ची प्रत्येक पुडी काट्यावर तोला, डोळ्याच्या अंदाजाने ढीग पाडू नका. पुडीवर "इंडोमेथासिन ४ मि.ग्रॅ." असं लिहा, नुसतं "पावडर" नको. प्रकाशाने आणि दमटपणाने औषध बिघडतं. पावसाळ्यात मुंबईत कागदी पुडी दोन दिवसांत चिकट होते, तेव्हा झिप-पिशवीत, घट्ट झाकणाच्या गडद डब्यात ठेवा आणि एका वेळी जास्त बनवू नका.

पुडी चमचाभर दुधात किंवा खिमटात पूर्ण द्यायची, उरवायची नाही. खाण्याच्या सोड्यात किंवा अँटासिडमध्ये मिसळू नका, अल्कलीत इंडोमेथासिनचं विघटन होतं.

आणखी दोन सापळे. पोटॅशियम सायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड ही सिरपं एकाच फळीवर असतात, आणि "पोटॅशियम सिरप" म्हटलं की कधी एकाऐवजी दुसरं जातं. सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि या मुलांचं रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं. बाटलीवर क्लोराइड वाचल्याशिवाय घेऊ नका. दुसरा, आयबुप्रोफेनचं मुलांचं सिरप नुसतं १०० मि.ग्रॅ./५ मिलीचंही मिळतं आणि पॅरासिटामॉल मिसळलेलंही. रोज १५ मिली द्यायचं असताना मिश्रणाचं दिलं तर पॅरासिटामॉलही रोज पोटात जातं, आणि ताप आला की त्यावर आणखी.

---

लॅब_दादर

रेनिनचा रिपोर्ट बघून निर्णय घेण्याआधी नमुना कसा गेला ते बघा. रेनिनची ट्यूब बर्फात ठेवायची नाही. थंडाव्यात प्रोरेनिनचं (रेनिनचं निष्क्रिय पूर्वरूप) रेनिन होतं आणि आकडा खोटा वाढतो. घरून नमुना नेणारे सगळ्या ट्यूब एकाच बर्फाच्या पिशवीत टाकतात, तेव्हा आधीच फोन करून सांगा. ईडीटीए ट्यूब, खोलीच्या तापमानाला, शक्यतो अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा, आणि मग तो झटपट गोठवायचा. अंधेरीहून निघालेली ट्यूब रस्त्यात अडकली, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. या एका तपासणीसाठी माणसाने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जाणं बरं.

सकाळी उठून दोन तास हिंडल्यावर, मग ५ ते १५ मिनिटं बसून नमुना द्यायचा. मूठ उघड-मीट करायला लावू नका, पोटॅशियम खोटं वाढतं. बार्टरमध्ये २.६चं ३.२ दिसलं तर सगळा अंदाजच चुकतो.

वाचताना लक्षात ठेवा: पोटॅशियम फार कमी असेल तर अल्डोस्टेरॉन त्या मानाने कमी बनतं, म्हणून "नॉर्मल" अल्डोस्टेरॉनने बार्टर नाकारता येत नाही. दाहशामक औषधं (म्हणजे हाच पेनकिलरचा गट) चालू असताना रेनिन दबतं, तेही अल्डोस्टेरॉनपेक्षा जास्त, त्यामुळे अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर खोटं वाढतं. मोठ्यांमध्ये उच्च रक्तदाबासाठी हे गुणोत्तर तपासताना निकाल धूसर आला तर निदान दोन आठवडे पेनकिलर बंद ठेवून पुन्हा करतात. बार्टरच्या मुलाचं इंडोमेथासिन मात्र निव्वळ तपासणीसाठी बंद करू नये. कागदावर "इंडोमेथासिन चालू, डोस अमुक" असं लिहून पाठवा.

---

वृक्कमित्र_परळ

लॅब_दादर, धन्यवाद, बर्फाचा मुद्दा फार कमी ठिकाणी पाळला जातो.

पुरवणी: निदान झालेल्या मुलात दर भेटीला रेनिन करायची गरज नाही. पोटॅशियम, बायकार्बोनेट, क्रिएटिनिन, लघवीतलं कॅल्शियम, वजन-उंची यांतून बहुतेक सगळं कळतं. तान्ह्यांना दर ३ ते ६ महिन्यांनी, मोठ्यांना ६ ते १२ महिन्यांनी. सोनोग्राफी साधारण वर्ष-दोन वर्षांनी, मूत्रपिंडात कॅल्शियम साठतंय का हे बघायला. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर मात्र पहिल्या आठवड्याभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघाच.

क्रिएटिनिनबद्दल एक कळकळीची विनंती. लहान मुलाचं ०.३ होतं आणि ०.५ झालं, तर रिपोर्टवर काहीही ठळक होत नाही, दोन्ही "नॉर्मल". पण ही दीडपटीहून जास्त वाढ आहे, आणि सात दिवसांत झाली असेल तर तीव्र मूत्रपिंड इजेच्या व्याख्येत बसते. आधीचा कागद शेजारी ठेवल्याशिवाय नवा वाचू नका.

---

एमडी_बोरिवली

सेलेकॉक्सिब का देत नाहीत सरळ? पोटाला सोपं, आणि कॉक्स-१ ला (पोटाचं अस्तर सांभाळणारं जोडीचं एन्झाइम) हात लावत नसल्याने किडनीलाही सुरक्षित.

---

वृक्कमित्र_परळ

पोटाला सोपं हे बरोबर. किडनीबद्दल मात्र नाही. मॅक्युला डेन्सामध्ये रेनिन चालवणारं एन्झाइम कॉक्स-२ हेच आहे. म्हणून तर सेलेकॉक्सिब बार्टरमध्ये चालतं. आणि पाणी कमी पडल्यावर मूत्रपिंडाला सांभाळणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनमध्येही कॉक्स-२चा मोठा वाटा असतो. परिणाम जिथून येतो तिथूनच धोका येतो. निवडक औषधाने तो वेगळा काढता येत नाही. शिवाय दीर्घ वापरात हृदयाचा विचार करावा लागतो. अल्सर झालेल्या किंवा इंडोमेथासिनने सतत पोट दुखणाऱ्या मुलात मी सेलेकॉक्सिबच्या बाजूने आहे, पण जुलाब लागल्यावर थांबवण्याचे नियम तेच.

इंडोमेथासिन किंवा आयबुप्रोफेनबरोबर आम्ल कमी करणारं औषध द्यावंच. फॅमोटिडिनसारखं एच२ गटातलं असेल तर बरं. पॅन्टोप्राझोल गटाने दीर्घकाळात मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि इथे आधीच क्षारांची ओढाताण. काळी शी, सकाळची डोकेदुखी, चक्कर ही लक्षणं विचारत राहा. डोकेदुखी टिकली तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कवटीतला दाब वाढल्याचं या औषधावर पाहण्यात आलेलं आहे.

---

नेफ्रो_ठाणे

गिटेलमनचा वेगळा विचार करायला हवा, लोक दोन्ही एका पिशवीत घालतात.

गिटेलमनमधला सदोष वाहक एनसीसी (सोडियम-क्लोराइडचा वाहक), तो मॅक्युला डेन्साच्या पुढे असतो. म्हणजे मोजणी शाबूत आहे. रेनिन वाढतं ते मीठ गळून शरीर खरोखर कोरडं पडल्यामुळे. लघवीतलं प्रोस्टाग्लँडिन सहसा नॉर्मलच. म्हणून इंडोमेथासिन इथे मुळावरचा उपाय नाही, फार तर जोडीचं औषध.

तरीही त्याचा परिणाम होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका चाचणीत ३० गिटेलमन रुग्णांना आलटून पालटून, प्रत्येकी सहा आठवडे, सावकाश सुटणारं इंडोमेथासिन ७५ मि.ग्रॅ., एप्लेरेनोन १५० मि.ग्रॅ. आणि अमिलोराइड २० मि.ग्रॅ. (ही दोन्ही पोटॅशियम वाचवणारी औषधं) दिलं. पोटॅशियम सरासरी अनुक्रमे ०.३८, ०.१५ आणि ०.१९ मिलिमोलने वाढलं. इंडोमेथासिन सर्वांत प्रभावी, पण त्यानेच गाळण्याची क्षमता घटली आणि पोटाच्या त्रासामुळे सहा जणांनी ते मध्येच सोडलं. माझं मत: गिटेलमनमध्ये आधी मीठ, पोटॅशियम क्लोराइड, मॅग्नेशियम, मग अमिलोराइडसारखं औषध, तेही रक्तदाब बघून, इंडोमेथासिन अगदी शेवटी.

मॅग्नेशियम विसरू नका. पेशीतलं मॅग्नेशियम कमी असलं की पोटॅशियम बाहेर टाकणाऱ्या वाहिन्या उघड्या राहतात, मग वरून कितीही पोटॅशियम ओता, टिकत नाही. मोठ्यांना सुरुवातीला रोज ३०० मि.ग्रॅ. मूलभूत मॅग्नेशियम, विभागून, जेवणासोबत. गोळीवरचा मोठा आकडा बहुतेकदा पूर्ण क्षाराचा असतो, तो मूलभूत मॅग्नेशियमचा समजू नये. ऑक्साइडने जुलाब होतात, मग क्षार बदला.

दोघांतला फरक ओळखायची स्वस्त खूण म्हणजे लघवीतलं कॅल्शियम. बार्टरमध्ये सहसा जास्त, गिटेलमनमध्ये कॅल्शियम-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.०७ मि.ग्रॅ./मि.ग्रॅ.च्या खाली. टाइप ३ बार्टर मात्र कधीकधी हुबेहूब गिटेलमनसारखा दिसतो, तिथे जनुक तपासणीच खरं काय ते सांगते.

---

बालरोग_मुलुंड

ताप-जुलाबाचं आता लिहा. जून ते ऑक्टोबर ओपीडीत हाच प्रश्न असतो.

---

वृक्कमित्र_परळ

हा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, सावकाश वाचा.

उलट्या, जुलाब, खाणं-पिणं बंद, जोराचा ताप: इंडोमेथासिन त्याच दिवशी थांबवा. डॉक्टरांना फोन करा, पण फोन लागेपर्यंतचा डोस देऊ नका.

बार्टरच्या मुलात "लघवी होतेय ना, मग पाणी कमी पडलेलं नाही" हा नेहमीचा नियम चालत नाही. शरीर कोरडं पडलं तरी यांची लघवी सुरूच राहते. भरवसा ठेवायचा तो वजनावर. बरं असतानाचं वजन लिहून ठेवा. १२ किलोच्या मुलाचं वजन ६०० ग्रॅमने उतरलं म्हणजे ५ टक्के पाणी गेलं, थेट रुग्णालयात न्या. हातपाय गार, डोळे खोल, मूल मलूल, पाय लुळे, ही लक्षणं दिसली तर वजनाची वाटही बघू नका.

पाजायचं ते एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालून केलेलं ओआरएस. त्यात सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०. ओआरएससारख्या डब्यातली गोड पेयं नकोत, साखर जास्त आणि सोडियम कमी. शहाळ्याचं पाणी द्या, पण ओआरएसच्या जागी नको, त्यात सोडियम फार थोडं असतं.

औषध थांबवल्यावर रेनिन-अल्डोस्टेरॉन पुन्हा उसळतं आणि दोन-तीन दिवसांत पोटॅशियम घसरू शकतं. म्हणून थांबवलं की पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि ईसीजी. मूल एक-दोन दिवस नीट खाऊ-पिऊ लागलं, वजन मूळ जागी आलं, क्रिएटिनिन आधीच्या पातळीवर आलं, मगच पुन्हा सुरू.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मि.ग्रॅ., सहा तासांच्या अंतराने, दिवसात किलोमागे ६० च्या आत. आपल्याकडे मुलांच्या तापाला मेफेनॅमिक अ‍ॅसिड सर्रास लिहिलं जातं. तेही याच गटातलं औषध. इंडोमेथासिनवर मेफेनॅमिक म्हणजे दुहेरी मार. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदच आहे. दंतवैद्याचं डायक्लोफेनॅक, क्रीडाशिक्षकाने दिलेली एसेक्लोफेनॅक, सगळं एकाच गटातलं. आणि मुंबईचा पावसाळा म्हणजे डेंग्यू. प्लेटलेट उतरत असताना हा गट रक्तस्राव वाढवतो, म्हणजे तिथे थांबवायला दोन कारणं. गुडघाभर पाण्यातून चालल्यानंतर आलेला ताप असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) लक्षात ठेवा. त्यात मूत्रपिंडाला इजा होते आणि पोटॅशियम कमीही असू शकतं, त्यामुळे "हे तर त्याचं नेहमीचंच" म्हणून ते नजरेतून सुटतं.

---

आहार_विलेपार्ले

आहाराचं थोडं. या घरांत "मीठ कमी खा" हा सल्ला पाहुणेरावळे देतात, शाळेतही देतात. इथे तो उलटा आहे. लोणचं, पापड, खारे दाणे, ताकात मीठ, सगळं मोकळेपणाने. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकलने ये-जा करणाऱ्या मोठ्या रुग्णांनी मीठ घातलेल्या ताकाची बाटली सोबत ठेवावी. केळ्यातून, शहाळ्यातून पोटॅशियम मिळतं, पण त्यासोबत पुरेसं क्लोराइड येत नाही, म्हणून त्याने सिरप बंद होत नाही. बाजारातल्या लो-सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, तरी ते साध्या मिठाच्या जागी वापरू नका, या मुलांना सोडियमही हवंच.

एक गोष्ट ठामपणे: ज्येष्ठमध नको. खोकल्याच्या काढ्यात, घशासाठी चघळायला, काही चूर्णांत तो असतोच. त्यातलं ग्लिसिरिझिक आम्ल कॉर्टिसोलला निष्क्रिय करणारं एन्झाइम अडवतं, मग कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनसारखं वागतं आणि पोटॅशियम आणखी उतरतं.

---

एमडी_बोरिवली

ज्येष्ठमधाचा मुद्दा मोठ्यांनाही लागू. पोटॅशियम कमी आणि रक्तदाब जास्त असलेला रुग्ण समोर आला तर काढा-चूर्ण विचारतोच. अशा रुग्णात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले निघतात. लिडल सिंड्रोममध्येही चित्र अगदी तसंच, पण तिथे दोष सोडियमच्या वाहिनीत, औषध अमिलोराइड.

नेफ्रो मंडळींना प्रश्न: अशा उच्च रक्तदाबाच्या दुर्मीळ आजारांत दाहशामकांचा काही उपयोग?

---

नेफ्रो_ठाणे

नाही, नुकसानच. रक्तदाब जास्त असणं म्हणजेच बार्टर-गिटेलमन नाही, असं आधी धरून चाला. लिडलमध्ये रेनिन आधीच तळाला असतं, प्रोस्टाग्लँडिन कमी करून काही मिळत नाही, उलट मीठ साठून रक्तदाब चढतो. गॉर्डन सिंड्रोममध्ये पोटॅशियम जास्त असतं आणि थायझाइडने ते सुंदर आटोक्यात येतं. तिथे पेनकिलर दिली तर रेनिन दबून पोटॅशियम अजून वाढतं. टाकायासू या धमन्यांच्या दाहाच्या आजारात मूत्रपिंडाची धमनी अरुंद झालेली असली तर रेनिन खूप वर असतं, आणि तो वाढीव दाब व प्रोस्टाग्लँडिन यांच्या जोरावरच मूत्रपिंड तग धरतं. तिथे एसीई रोधक (अँजिओटेन्सिन २ बनू न देणारी रक्तदाबाची गोळी), लघवीची गोळी आणि पेनकिलर तिन्ही एकत्र आली की क्रिएटिनिन दोन-चार दिवसांत दुप्पट झालेलं दिसू शकतं.

---

जनुकसल्ला_शिव

जनुक तपासणीबद्दल थोडक्यात. टाइप १ ते ३ चे दोष अनुक्रमे एनकेसीसी२, रोमके आणि सीएलसी-केबी यांच्या जनुकांत. टाइप ४ मध्ये बहिरेपणा असतो, म्हणून श्रवणचाचणी लवकर. त्यात इंडोमेथासिनचा प्रतिसादही अनेकदा फिका. टाइप २ च्या बाळात पहिल्या दिवसांत पोटॅशियम जास्त असू शकतं, त्यामुळे तिथे निदान चुकतं आणि घाईने पोटॅशियम देणंही धोक्याचं. टाइप ५ म्हणजे एमएजीईडी२ जनुकाचा, मुलग्यांमध्ये, गर्भजल प्रचंड वाढतं, पण जन्मानंतर काही आठवडे-महिन्यांत आजार आपोआप ओसरतो. अशा बाळाला वर्षानुवर्षं इंडोमेथासिन देणं टळतं, एवढ्यासाठी तरी तपासणी करावी. मुंबईत केईएम रुग्णालय हे २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे, समुपदेशनासाठी तिथून सुरुवात करता येते.

---

बालरोग_मुलुंड

शेवटचा प्रश्न. रात्री मूल कोरडं पडून आलं, पोटॅशियम २.१, नेफ्रॉलॉजिस्ट सकाळी येणार. कोणतं सलाइन?

---

वृक्कमित्र_परळ

नॉर्मल सलाइन. त्यात क्लोराइड १५४, आणि क्लोराइडशिवाय हे अल्कलीपण उतरत नाही. रिंगर लॅक्टेट टाळा, लॅक्टेटचं बायकार्बोनेट होतं. डेक्स्ट्रोज भरभर देऊ नका, इन्सुलिन सुटून पोटॅशियम पेशीत शिरतं आणि २.१चं १.८ होतं. सोडाबायकार्ब अजिबात नको. पण आधी सोडियमचा आकडा बघा: लघवी दाट न करू शकणाऱ्या मुलात ते १५०च्या वर असेल तर नॉर्मल सलाइनने आणखी चढेल. तिथे शॉक सावरण्यापुरतंच नॉर्मल सलाइन, पुढचं द्रव फोनवर नेफ्रॉलॉजिस्टला विचारून ठरवा, सकाळपर्यंत थांबू नका.

पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलीचं अँप्यूल म्हणजे १.५ ग्रॅम, २० मिलिमोल. ५०० मिलीच्या बाटलीत एक अँप्यूल घातलं की लिटरला ४० होतं. हाताच्या शिरेतून याहून दाट नको, आणि अँप्यूल कधीही थेट शिरेत नाही. मॉनिटर लावा, पंपावर द्या, दर चार तासांनी पोटॅशियम. इंडोमेथासिन चालू असलेल्या मुलात क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पोटॅशियमचा दर नेहमीच्या निम्मा ठेवा, कारण आता पोटॅशियम बाहेर पडण्याची वाटही अरुंद झालेली असते. मॅग्नेशियम त्याच नमुन्यात मागा. आणि अँप्यूल घातल्यावर बाटली स्टँडवरून काढून पाच-सहा वेळा उलटसुलट करा. टांगलेल्या बाटलीत खालून घातलेलं पोटॅशियम तोंडाशीच साठतं आणि पहिल्या काही मिनिटांत सगळं एकदम जातं.